तेरवीनंतरचे झाड

घरातले वडीलधारे माणूस गेले की तेरा दिवस घर माणसांनी भरलेले असते. पाहुणे येतात, गावची मंडळी ओसरीवर बसून जातात, शेजारून कोणी भाकरी-पिठले धाडते. तेरवी होते, पंगती उठतात, मंडप सुटतो. चौदाव्या दिवशी सकाळी घरात आपलीच चार माणसे उरतात, आणि खरी उणीव तेव्हा जाणवू लागते. खुंटीवर दुपट्टा तसाच असतो, दाराशी काठी टेकलेली असते. डोळ्यांतले पाणी आटलेले असते, पण हाताला चैन पडत नाही. आता आपण त्यांच्यासाठी काय करावे, हा प्रश्न तेव्हा उभा राहतो.

या प्रश्नाला आपल्या खेड्यापाड्यांतून अलीकडे एक उत्तर मिळू लागले आहे. गेलेल्या आईच्या किंवा वडिलांच्या नावाने झाड लावायचे. कोणी अस्थींची राख नदीत न सोडता शेताच्या धुऱ्यावर खड्डा करून त्यात घालतात आणि वर आंब्याचे रोप लावतात. कोणी तेरवीला आलेल्या पाहुण्यांच्या हाती एकेक रोप देतात. कोणी शाळेच्या आवारात बापाच्या नावाने कडुनिंब लावून देतात. विचार चांगला आहे, यात शंका नाही. पण ज्या मायेने ही झाडे लावली जातात, तितकी माहिती बरोबर नसली तर काय होते, ते मी स्वतः पाहिले आहे. म्हणून या विषयावर तुमच्याशी जरा सविस्तर बोलायचे आहे.

पहिली गोष्ट अशी की, ही रीत काही शहरातून आलेली नवी टूम नव्हे. यज्ञयाग करणे ते इष्ट आणि विहीर, तळे, धर्मशाळा, बाग करणे ते पूर्त, असा भेद आपल्या जुन्या ग्रंथांत केला आहे. दोन्हींना मिळून इष्टापूर्त म्हणत. आईबापांच्या नावाने विहीर बांधणे किंवा वाटेवर सावलीची झाडे लावणे हे पूर्तकर्मच. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त झाडांवर एक स्वतंत्र अध्याय लिहिला आहे. दोन झाडांमध्ये वीस हात अंतर उत्तम, सोळा हात मध्यम आणि बारा हात म्हणजे अगदी कमीत कमी, असे तो बजावतो. वीस हात म्हणजे आपले तीस फूट झाले. आज आपण पाच-पाच फुटांवर वड आणि पिंपळ लावतो आणि फोटो काढून घरी येतो, ते पाहून त्या पंडिताला काय वाटले असते कोण जाणे.

नागपूरच्या माणसाला तर दूर जायलाच नको. वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या आश्रमात गांधीजींनी १९३६ साली लावलेला पिंपळ आहे आणि कस्तुरबांनी लावलेली बकुळ आहे. दोघेही गेले, त्यांना जाऊन पाऊणशे वर्षांवर काळ लोटला. शाळेच्या सहलीबरोबर गेलेली मुले आश्रमातल्या कुट्या पाहतात, आणि मग अंगणात या झाडांखाली येतात तेव्हा, ‘हे बापूंनी लावले, हे बांनी लावले,’ एवढे सांगितले की आपोआप मान वर करून पाहतात. नागपूर शहरातली दीक्षाभूमी तर सर्वांच्या परिचयाची. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी जेथे धम्मदीक्षा घेतली, तेथे आज बोधिवृक्ष उभा आहे. श्रीलंकेतल्या अनुराधपूरच्या बोधिवृक्षाच्या फांद्या भदंत आनंद कौसल्यायन यांनी आणून तो लावला. अनुराधपूरचे ते झाड ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात बोधगयेच्या पिंपळाच्या फांदीपासून लावलेले. अशोकाची कन्या संघमित्रा ती फांदी घेऊन गेली, असे परंपरा सांगते. म्हणजे पाहा, एका झाडाची फांदी समुद्रापलीकडे गेली आणि दोन हजारांवर वर्षांनी त्याच वंशाची फांदी नागपुरास आली. दगडाच्या स्मारकाला अशी मुलेबाळे होत नाहीत.

विदर्भातले गोंड बांधव साजाच्या, म्हणजे ऐनाच्या झाडात बडादेव पाहतात. मुसलमान समाजात झाड लावणे हे माणूस गेल्यावरही चालू राहणारे पुण्य मानतात. त्याला ‘सदका-ए-जारिया’ असा शब्द आहे. फळ कोणी खाल्ले, पाखराने खाल्ले, तरी त्याचे पुण्य लावणाऱ्याला पोचते अशी समजूत. आपण नदीवर वा रामटेकच्या अंबाळ्यावर अस्थी सोडतो, पितृपक्षात कावळ्याला घास ठेवतो. तो कावळा नुसता पितरांचा निरोप्या नसतो. पिंपळाची, वडाची, उंबराची फळे खाऊन तो आणि त्याचे भाईबंद बी कुठे कुठे टाकतात, आणि विहिरीच्या भिंतीत, देवळाच्या कळसात जी झाडे उगवतात ती त्यांचीच पेरणी.

आता अलीकडचे सांगतो. पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात रानमळा नावाचे लहानसे गाव आहे. घरात काही घडले की झाड लावायचे, असा नेम त्या गावाने घातला. मूल जन्मले की शुभेच्छा वृक्ष. लग्न झाले की शुभमंगल वृक्ष. पोरगा परीक्षा पास झाला, नोकरीला लागला, तर आनंद वृक्ष. लेक सासरी गेली तर माहेरची झाडी. आणि माणूस गेले की स्मृती वृक्ष. यात एक मोठे शहाणपण आहे. झाड सरकारच्या नव्हे, घराच्या नावे होते, म्हणून घर त्याला पाणी घालते. २०१८ साली महाराष्ट्र शासनाने हीच रीत राज्यभरच्या ग्रामपंचायतींसाठी योजना म्हणून स्वीकारली. राजस्थानातल्या राजसमंद जिल्ह्यात पिपलांत्री म्हणून गाव आहे. तिथले सरपंच श्यामसुंदर पालीवाल यांची मुलगी अकाली गेली. तिच्या आठवणीने त्यांनी झाड लावले, आणि पुढे गावात मुलगी जन्मली की १११ झाडे लावण्याचा प्रघात पडला. कोणी वारले तर तिथे अकरा झाडे लावतात. परदेशातही हे आहे. जपानमध्ये इचिनोसेकी गावाजवळच्या एका बौद्ध मठाने १९९९ साली, दगडी थडग्याऐवजी झाडाखाली रक्षा ठेवण्याची सोय केली. जर्मनीत २००१ पासून अशी राखीव अरण्येच आहेत. आणि २०२४ च्या ५ जूनला पंतप्रधानांनी दिल्लीत पिंपळ लावून ‘एक पेड माँ के नाम’ ही मोहीम सुरू केली, ती तर शाळाशाळांतून पोचली. गुरुजनांना ती ठाऊकच आहे. फोटो पाठवता पाठवता पुरेवाट होते, असेही काही गुरुजी हळूच सांगतात.

असो. झाड लावणे सोपे आहे. जगवणे अवघड.

माझी आई गेली त्या साली आम्ही भावंडांनी तिच्या नावाने बकुळ लावली. तिने सेवाग्रामची बकुळ पाहिली होती आणि ती फुले पदरात बांधून आणली होती, म्हणून बकुळ. शेताच्या खालच्या टोकाला, जिथे जमीन काळी आणि खोल, तिथे जागा धरली. रक्षेची मडकी सगळीच्या सगळी त्या खड्ड्यात रिकामी केली. आईची राख दुसरीकडे टाकवेना. रोप रोपवाटिकेतून पिशवीसकट आणले होते. घाईत पिशवी बाजूने थोडी फाडली आणि तसेच खड्ड्यात ठेवले. पावसाळाभर झाड बरे दिसले. मग पाने पिवळी पडू लागली, शिरा तेवढ्या हिरव्या. दुसऱ्या उन्हाळ्यात आम्ही सगळे आपापल्या नोकरीच्या गावी होतो. मे महिन्यात घरी आलो तो नुसती काडी उभी होती. धाकटी बहीण ती काडी हातात धरून म्हणाली, “माय दुसऱ्यांदा गेली रे.”

हे ऐकायची पाळी कोणावर येऊ नये. साधे झाड मेले तर आपण दुसरे लावतो. आईच्या नावाचे झाड मेले तर माणूस ते मनाला लावून घेतो, कोणी अपशकुन मानतो, कोणी एकमेकांना दोष देतो. दोष झाडाचाही नसतो आणि नशिबाचाही नसतो. आमच्या बकुळीच्या बाबतीत चार चुका झाल्या होत्या आणि चारही टाळता आल्या असत्या.

पहिली चूक राखेची. राख म्हणजे खत, अशी आपली समजूत आहे. ती अर्धीच खरी. लाकडाच्या राखेत पालाश असते आणि चुना असतो. हाडांच्या राखेत मुख्यतः कॅल्शियम आणि स्फुरद असते. पण ही राख अतिशय अल्कधर्मी असते, साबणाच्या सोड्यासारखी. कोकणातल्या आम्ल जांभ्या मातीत थोडी राख टाकली तर फायदा होतो. आपल्या नागपूर-वर्ध्याकडची काळी माती मुळातच अल्कधर्मी आहे, तिच्यात चुनखडीचे खडे दिसतात. तिचा सामू साधारण साडेसात ते साडेआठ असतो. त्यात आणखी दोन-चार किलो राख एकाच खड्ड्यात ओतली की मातीतले लोह आहे तिथेच अडकून बसते, मुळाला ते उचलता येत नाही. मग पान पिवळे आणि शिरा हिरव्या. संत्रा बागायतदार हे चिन्ह चांगले ओळखतात. शिवाय चुन्याच्या जमिनीत हाडांतला स्फुरद विरघळतही नाही. म्हणजे ज्या खतासाठी राख घातली तेही झाडाला मिळत नाही. तेव्हा करायचे ते असे: ओंजळभर रक्षा घ्यायची, घमेलाभर कुजलेल्या शेणखतात आणि मातीत नीट मिसळायची आणि खड्ड्याच्या अगदी तळाशी घालायची. वर हातभर चांगली माती, मग रोप. बाकीची रक्षा शेतभर पातळ उधळावी. ज्या वावरात बापाने जन्म काढला त्या सगळ्या वावरात तो राहिला, असे म्हणायला काय हरकत आहे? ज्यांना नदीवर जायचे त्यांनी तसे करावे. त्यात वाद घालण्यासारखे काही नाही.

दुसरी चूक जागेची. काळी खोल जमीन कापसाला चांगली, म्हणून झाडाला चांगली असेलच असे नाही. ती पावसाळ्यात फुगते, पाणी धरून ठेवते, मुळांना हवा मिळत नाही. उन्हाळ्यात तीच आकसते, पायाचा पंजा जाईल अशा भेगा पडतात आणि त्या भेगांत कोवळी मुळे अक्षरशः तुटतात. सखल भागात पाणी साचत असेल तर तिथे बकुळ, कडुनिंब, आंबा लावूच नये. अर्जुन, जांभूळ, करंज ही झाडे तिथे टिकतात. नाल्याच्या काठी ती आपोआप वाढलेली तुम्ही पाहिली असतील. उंचावर, मुरमाड जागी कडुनिंब, बेल, आवळा, सीताफळ, मोह बरे. भेगा पडू लागल्या की खुरप्याने वरची दोन बोटे माती हलवून त्या बुजवाव्यात आणि वर पालापाचोळा, कुटार किंवा धानाच्या पट्ट्यातल्या मंडळींनी तणस पसरावे.

जागेचा आणखी एक अर्थ आहे: ती कोणाची? हा प्रश्न दुःखाच्या भरात कोणी विचारत नाही. रस्त्याच्या कडेला वडिलांच्या नावाने लावलेला वड वीस वर्षांनी रुंदीकरणात जातो. तारेखाली लावलेल्या झाडाचा शेंडा दर वर्षी वीज खात्याची माणसे छाटतात. भावाभावांत वाटणी झाली आणि धुरा दुसऱ्याकडे गेला, तर नव्या धन्याला त्याची सावली पिकावर पडलेली खपत नाही. म्हणून जागा आपली असावी, किंवा ग्रामपंचायतीची, शाळेची, स्मशानभूमीची असेल तर ठराव करून घ्यावा. साग, मोह, चिंच, आंबा यांसारखी झाडे पुढे तोडायची झाली तर १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते, मग झाड आपल्याच शेतातले का असेना. शहरांसाठी १९७५ चा निराळा कायदा आहे. २०२१ साली त्यात दुरुस्ती होऊन पन्नास वर्षे वा त्याहून जुन्या झाडांना वारसा म्हणून विशेष संरक्षण मिळाले. स्मशानभूमीची जागा मला स्वतःला फार योग्य वाटते. आपल्या गावांतल्या बहुतेक स्मशानभूम्या उघड्या माळावर असतात. मे महिन्यात चिता पेटलेली आणि वर ४५ अंशांचे ऊन, अशा वेळी मयतीला आलेली म्हातारी माणसे कुठे उभी राहतील याचा विचार करा.

कोणते झाड लावावे, हे पुष्कळजण विचारतात. मोठे, डोळ्यांत भरणारे आणि लवकर वाढणारे हवे असते. गुलमोहर त्यात बसतो, पण तो मादागास्करचा पाहुणा. त्याचे लाकूड ठिसूळ, वळवाच्या वादळात त्याच्या फांद्या आधी पडतात आणि पन्नास वर्षे निभावेल याची खात्री नाही. वड-पिंपळ शेकडो वर्षे जगतात, पण घरापासून, विहिरीपासून निदान पन्नास फूट दूर पाहिजेत, नाहीतर त्यांची मुळे भिंतीत शिरतात. चिंच हळू वाढते, दहा-बारा वर्षांनी धरते, पण नातवाच्या नातवाला गाभुळलेल्या चिंचा देते. मोहाचे झाड बापाने जंगलात हिंडून आयुष्य काढले असेल तर त्याच्या नावाला शोभते. मात्र त्याचे सोटमूळ खोल जाते, रोप उपटून दुसरीकडे लावलेले त्याला मानवत नाही. जूनमध्ये बी पडते ते ताजेच जागेवर पेरावे. कडुनिंबाचेही तसेच, निंबोळी दोन-तीन आठवड्यांत आपली उगवणशक्ती गमावू लागते, म्हणून साठवून ठेवू नये. जागेवर बीपासून आलेले झाड पहिली दोन वर्षे रोपापेक्षा लहान दिसते, पण त्याचे मूळ सरळ खाली गेलेले असते आणि उन्हाळा ते अधिक हिमतीने काढते. आमच्या आईचे दुसरे झाड आम्ही असेच लावले, अंगणातल्या जुन्या निंबाची निंबोळी पेरून. त्या निंबाखाली ती वाळवण घालीत असे.

आता आंब्याविषयी जरा थांबून सांगतो, कारण यात फसगत फार होते. प्रत्येक गावात गावरान आंब्याची जुनी झाडे असतात आणि त्यांना नावे असतात: शेंदऱ्या, केळ्या, लाडू. एखादे झाड आजोबांनी लावलेले, बापाने पाणी घालून वाढवलेले असते. बाप गेला, झाडही म्हातारे झाले, पोखरले. मुलगा विचार करतो की या झाडाची कोय लावू, म्हणजे बाबांचा आंबा राहील. तो कोय लावतो, आठ-दहा वर्षे वाट पाहतो, आणि फळ येते ते निराळेच! आंबट, दोऱ्याचे. मग म्हणतो, गोडी बाबांबरोबर गेली. तसे काही नसते. आपल्याकडच्या बहुतेक आंब्यांच्या कोयीत एकच अंकुर असतो आणि तो दोन झाडांच्या संकरातून झालेला असतो. आई शेंदऱ्या असली तरी परागकण कुठल्या झाडाचे माशीने आणले ते कोण सांगणार? कोयीतून येते ते शेंदऱ्याचे लेकरू, शेंदऱ्या नव्हे. तोच आंबा हवा असेल तर कलम केले पाहिजे. जुन्या झाडाची पेन्सिलीएवढी जाड, डोळे फुगलेली काडी घ्यायची. त्याआधी काही दिवस तिची पाने देठ ठेवून कापायची. गावरान कोयी ओल्या मातीत रुजत घालून दहा-पंधरा दिवसांची तांबूस रोपे झाली की त्यांच्यावर पाचर कलम बांधायचे. याला कोय कलम म्हणतात आणि त्याला पावसाळ्याची दमट हवा मानवते. दहातली चार-सहा जगली तरी पुष्कळ. ज्या हातांना सवय नाही त्यांनी जवळच्या रोपवाटिकेतल्या किंवा कृषी महाविद्यालयातल्या जाणत्या माळ्याकडून ते करून घ्यावे. पण हे झाड उभे आहे तोवर केले पाहिजे. तेरवी झाल्यावर वाटणीत ते कापले गेले की मग काडी कुठून आणणार? म्हणून ज्यांचे आईबाप हयात आहेत त्यांनाही माझे सांगणे आहे, की त्यांचे आवडते झाड कोणते ते आजच विचारून ठेवा आणि जमल्यास त्यांच्याच हाताने त्याचे कलम किंवा बी लावून घ्या. सेवाग्रामच्या झाडांचे मोल त्यातच आहे, की ती त्यांच्या नावाने लावलेली नाहीत, त्यांनी स्वतः लावलेली आहेत.

आमची तिसरी चूक पिशवीची होती. काळी प्लॅस्टिकची पिशवी मातीत कुजत नाही. आतली मुळे गोल गोल फिरत राहतात आणि स्वतःलाच आवळतात. पिशवी ब्लेडने उभी चिरून पुरती काढावी, मातीचा गड्डा फुटू देऊ नये, तळाशी गुंडाळलेली मुळे कात्रीने छाटावीत. खड्डा मे महिन्यातच तीन फूट लांब, तितकाच रुंद आणि खोल खणून उन्हात तापू द्यावा. भरताना शेणखताबरोबर दोन-तीन मुठी निंबोळी पेंड घालावी. वाळवीचा त्रास कमी होतो. मृगाच्या पहिल्या सरीला घाई करू नये. जमीन वीतभर ओली झाली, पावसाने जम धरला म्हणजे लावावे. कलमाचा जोड जमिनीच्या वर राहिला पाहिजे. बकऱ्यांसाठी बोरी-बाभळीच्या काट्यांचे कुंपण लोखंडी पिंजऱ्यापेक्षा स्वस्त आणि पुष्कळदा जास्त खात्रीचे.

चौथी चूक सर्वांत मोठी: उन्हाळ्यात पाणी घालायला माणूस नव्हते. नागपुरात वर्षाला अकराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, तो कमी नव्हे. पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने झाडाने मुळाशी असेल त्यावर काढायचे. पहिले दोन उन्हाळे निभावले तर बहुतेक झाडे पुढे स्वतःच्या पायावर उभी राहतात. यासाठी मडक्याची युक्ती फार चांगली. आठ-दहा लिटरचे, आतून-बाहेरून रोगण नसलेले साधे मातीचे मडके रोपापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरावे आणि वर झाकण ठेवावे. मातीतून पाणी हळूहळू झिरपते. मुळे मडक्याकडे येतात. रोज बादलीभर पाणी वर ओतून निम्मे वाफ करून घालवण्यापेक्षा चार-पाच दिवसांनी मडके भरले तरी भागते. झाड वाढत जाईल तसे मडके उचलून दूर सरकवावे, किंवा दुसऱ्या बाजूला आणखी एक पुरावे. आणि पाहा, अक्षय तृतीयेला आपण पितरांच्या नावाने मातीची घागर भरतोच. तो दिवस नेमका वैशाखाच्या ऐन उन्हात येतो. ती घागर ब्राह्मणाला द्या, भिक्षूला द्या, वाटसरूंसाठी ठेवा; पण एक जास्तीची आणून तिच्या किंवा त्याच्या झाडापाशी पुरली, तर ज्याच्या नावाने भरली त्याच्याच मुळाशी पाणी पोचले.

झाड वाढले की माणसांना ते सजवण्याची हौस येते. नावाची पाटी खिळ्याने खोडाला ठोकतात. असे करू नये. खिळ्याच्या भोकातून कीड शिरते. तारेने बांधली तर खोड जाड होताना तार सालीत रुतते आणि सालीखालून मुळांकडे जाणारा अन्नरस अडतो. पाटी बाजूला लहान दगडावर असावी. पार बांधायचा तर खोडाला चिकटवून सिमेंट ओतू नये. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतल्या झाडांच्या बुंध्याभोवतालचे एक मीटरपर्यंतचे सिमेंट काढायला सांगितले, ते उगाच नाही. आपल्या जुन्या पारांत दगड रचलेले असत आणि मध्ये माती मोकळी असे.

तेरवीच्या खर्चाबद्दल बोलणे नाजूक आहे, पण टाळता येत नाही. कर्ज काढून तेरवी घालणारी कुटुंबे आजही आहेत. गाडगेबाबांनी आयुष्यभर कीर्तनांतून याविरुद्ध सांगितले. १९५६ साली ते गेले तरी ऐकणारे थोडेच. पंगत बंद करा असे मी म्हणत नाही. चार माणसांनी एकत्र जेवल्याने दुःख हलके होते, हे खरेच आहे. पण एक खड्डा, एक रोप, काट्यांचे कुंपण आणि दोन मडकी यांना जो खर्च येतो तो पंगतीतल्या एका पदार्थाहून जास्त नाही. शेजारचा म्हातारा आमच्या झाडाकडे पाहून विचारी, “काहून रे, झाड लावून का बुढी परत येते?” येत नाही. पण पुढच्या उन्हाळ्यात तोच त्या कोवळ्या झाडाला आपल्या बोअरचे पाणी सोडत होता, कारण त्याला आईची भाजी-भाकर आठवत होती.

गुरुजनांसाठी दोन गोष्टी वेगळ्या सांगितल्या पाहिजेत. गावातली मंडळी शाळेत स्मृतिवृक्ष लावून देतात, तेव्हा ते एकदम घेऊ नका. आधी विचारा, की मे-जूनमध्ये पाणी कोण घालणार? विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात. म्हणजे झाडाला जेव्हा सर्वांत जास्त गरज असते तेव्हाच शाळेत कोणी नसते. ज्यांच्या घरचे झाड त्यांनीच सुटीत पाणी घालावे, असे आधी ठरवून लिहून घ्या. यासाठी एक साधी वही पुरते. झाड कोणते, कोणाच्या नावाने, कोणी लावले, तारीख, बी की कलम, आणि सुटीत पाण्याची जबाबदारी कोणाची. दर १५ ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर मुलांनी प्रत्येक झाडाची उंची आणि छातीएवढ्या उंचीवर खोडाचा घेर मोजून त्यात लिहावा. पाचवीच्या मुलाला गणित आणि निसर्ग दोन्ही त्यात सापडतील, आणि ज्याची आजी त्या वहीत आहे ते पोर घेर मोजताना टेप कसा हळू धरते तेही तुम्हाला दिसेल.

दुसरी गोष्ट, झाड मेले तर. दहांतली दोन-तीन मरणारच, कितीही जपा. म्हणून एका नावाने एकच झाड लावू नये. दोन लावावीत, शक्य तर निराळ्या जातींची, एक कडुनिंब आणि एक आंबा, एक जांभूळ आणि एक बेल. त्यातूनही गेलेच तर वहीत तारीख आणि कारण स्पष्ट लिहा: बकरीने खाल्ले, पाणी साचले, वाळवी लागली. त्या घरच्या पोराला बोलावून कारण समजावून सांगा, आणि येत्या पावसाळ्यात त्याच खड्ड्याशेजारी दुसरे लावा. त्याच खड्ड्यात नको, तिथे वाळवी असण्याचा संभव असतो.

रोपे तालुक्याच्या सामाजिक वनीकरणाच्या किंवा वनखात्याच्या रोपवाटिकेत मिळतात. पावसाळ्याच्या तोंडी गर्दी होते, म्हणून मे महिन्यातच नाव नोंदवून ठेवावे. दोन-तीन वर्षांचे, अंगठ्याएवढ्या जाड खोडाचे आणि तीन-चार फूट उंचीचे रोप मागावे. फार उंच, वेताच्या काडीसारखे बारीक रोप हौसेने उचलू नये; ते वाऱ्यात वाकते. संत्रा-मोसंबीचे कलम लावायचे असेल तर नागपूरला लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, तिथल्या माणसांना आपल्या मातीचा नमुना दाखवून मगच न्यावे. मातीचा नमुना घेताना धुऱ्यावरची वरची माती खरवडून आणू नका. झाड जिथे लावायचे तिथे हातभर खोल खणून, वरची आणि खालची माती वेगवेगळ्या पिशव्यांत न्या.